कातरणीला नेलेला कॅमेरा

दसरा सरल्यापासून माझं डोकं तापलंय. मंगलला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना वाटतं की हा ऑक्टोबरचा उकाडा. ती ताकाचा तांब्या पुढं करते. ताकानं पोट थंड होतं, बाकी काही होत नाही. परवा माधवनगरच्या रस्त्यानं स्कूटरवरून निघालो होतो, तर पुढं दोनेकशे बकऱ्यांचा कळप रस्ता भरून चालला होता. आमच्या माणसांत मेंढीला बकरीच म्हणतात. पावसाळाभर पूर्वेच्या माळावर थांबलेले कळप आता नदीकाठच्या रानांकडं उतरायला लागले. नुकतीच लोकर उतरवलेली काळी अंगं, त्यावर कातरीचे पट्टे उमटलेले, आणि तो वास. ओल्या घोंगड्याचा, ताकाचा, धुळीचा. मागं एक गाडीवाला हॉर्नवर हात दाबून बसला होता आणि कडेला एक जण मोबाईल उंच धरून व्हिडिओ काढत होता. मला दोघांचाही राग आला. खरं सांगायचं तर हॉर्नवाल्याचा कमी.

मोबाईलवाल्याचा काय दोष? काही नाही. रस्त्यातला माणूस, त्याला गंमत वाटली, त्यानं काढला. माझा राग माझ्यावरच होता आणि तो गेलं वर्षभर तसाच आहे. आता एकदा कागदावर काढतो, म्हणजे मंगलचं ताक तरी वाचेल.

आमचं गाव आटपाडीच्या पलीकडं, पूर्वेला, जिथं ढगसुद्धा वळसा घालून जातात. माझा चुलत भाऊ बिरूआण्णा तिथं राहतो. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. त्याचा कळप अजून आहे. दिवाळी झाली की तो बकरी घेऊन निघतो, तासगावच्या द्राक्षबागांच्या कडेनं, कृष्णा ओलांडून, थेट कऱ्हाडच्या बाजूला. तिथल्या रानांत बकरी बसवायची, शेतकऱ्याला खत मिळतं, ह्याला चारा. मी मात्र सांगलीत कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या मोजणारा माणूस. पण घरात गोष्टी सांगायची खोड मला. कुठल्याही बारशाला, लग्नाला चार पोरं जमली की मी बकऱ्यांच्या वाटेची गोष्ट सुरू करतो. लांडगा, पूर, वाटेत व्यालेली बकरी, सगळं. गेल्या वर्षी एकदा आमच्या ऋतुजानं, माझ्या मुलीनं, भरल्या घरात विचारलं, "बाबा, तुम्ही स्वतः किती दिवस चाललाय हो ह्यांच्याबरोबर?"

मी म्हणालो, "दीड."

दीड दिवस. तोही नवव्या वर्षी, आणि त्यातला अर्धा घोड्यावर, सामानावर बसून. त्या हशानं मी ठरवलं, येत्या दिवाळीत आण्णाबरोबर आठ दिवस चालायचं आणि सगळं व्हिडिओत धरून आणायचं. मग बोला म्हणावं. आणि एवढं धरायचं तर मोबाईल कसा पुरेल? कॅमेरा पाहिजे. साधा नव्हे, हायब्रीड पाहिजे. म्हणजे फोटोही तेवढाच चांगला आणि व्हिडिओही. आईला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "हायब्रीड? ती दुष्काळातली ज्वारी? तिला कुठं चव हुती रं!"

श्रावणापासून दिवाळीपर्यंत मी कॅमेरा निवडत होतो. हे वाक्य लिहितानाही माझे कान गरम होतात. माणसं तेवढ्या दिवसांत मुलीचं लग्न ठरवतात. मी रोज जेवण झालं की मोबाईल घेऊन बसायचो आणि जगभरातले लोक मला कॅमेऱ्यावर व्याख्यान द्यायचे. त्यांचा राग तर विचारू नका. एक जण बर्फात उभा राहून सांगतोय, 'प्रवासासाठी हाच सर्वोत्तम'. अरे, कसला तुझा प्रवास? पाठीला एक पिशवी, हातात कॉफी. पुढं ट्रक नाही, मागं लेंड्या नाहीत, खांद्यावर दोन दिवसांचं कोकरू नाही. दुसरा सांगतोय, हा घेऊ नका, अर्ध्या तासात तापतो. तिसरा म्हणतो, तापत नाही, पण बॅटरी लगेच उतरते. मी वहीत दोन रकाने आखले. वजनाला हलका घ्यावा तर त्याच्या आतली ती प्रतिमा धरणारी पट्टी लहान, म्हणजे तिन्हीसांजेला काळी बकरी काळ्या रानात काळीच दिसणार. मोठ्या पट्टीचा घ्यावा तर त्याची लेन्स म्हणजे वरवंटा. तो गळ्यात अडकवून आठ दिवस चालायचं म्हणजे आण्णाला मला उचलावं लागलं असतं. चालताना चित्र हलू नये म्हणून आतच सोय असलेला बरा, धूळ आत जाऊ नये असा बरा, पडदा बाजूला उघडणारा बरा. पडदा बाजूला कशाला हवा? तर स्वतःचं तोंड दिसावं म्हणून! माझ्या तोंडाचं त्या वाटेवर काय काम होतं, हे तेव्हा मला कुणी विचारायला हवं होतं.

शेवटी जमीरभाईकडं गेलो. जमीरभाई माझा शाळेतला मित्र, सांगलीत त्याचा स्टुडिओ आहे, तीस वर्षं लग्नं काढतोय. त्यानं तीन कॅमेरे काचेवर मांडले. मी वही उघडली.

"यात प्राण्यांचा डोळा ओळखायची सोय आहे ना?" मी.

"हाय की. कुत्रं, मांजर, पाखरू."

"बकरी?"

जमीरभाईनं चष्म्यावरून बघितलं. मग उठला, मला घेऊन दुकानामागच्या बोळात गेला. तिथं कुणाची तरी शेळी कागद खात उभी होती. आम्ही दोन प्रौढ माणसं गुडघ्यावर बसून त्या शेळीपुढं कॅमेरे धरत होतो. पडद्यावरचा चौकोन तिच्या डोळ्यावर बसायचा, तिथनं कानावर, कानावरनं मागच्या भिंतीवरच्या पोस्टरातल्या उमेदवाराच्या डोळ्यावर.

"तीनशे असल्यावर काय होईल रे याचं?" मी काळजीनं विचारलं.

"सदा," तो गुडघे झटकत म्हणाला, "मी लग्नात कॅमेरा बघत न्हाई, जागा बघतो. मंगलाष्टकाला कुठं उभं राहायचं, पोरगी निघताना कुठं. तू मला आधी हे सांग, त्या कळपात तू कुठं उभा राहणार हायस?"

मला वाटलं, तो पुढं का मागं असं विचारतोय. मी वहीत लिहून घेतलं, 'लांबची लेन्स आवश्यक?'

याच दिवसांत कधीतरी आण्णाचा फोन आला होता. त्याचा फोन म्हणजे माळावरून हाक मारल्यासारखा.

"सद्या, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कातरणी हाय. येतुस न्हवं?"

"येतो की आण्णा!"

"बग हां. मानसं कमी झाल्यात लय. तुला धरून दहा हुत्यात."

"धर की. आलोच म्हणून समज."

तेव्हा माझ्या दुसऱ्या हातात वही होती आणि मी तापणाऱ्या कॅमेऱ्यापुढं फुली मारत होतो.

कातरणी म्हणजे निघण्याआधी सगळ्या बकऱ्यांची लोकर उतरवणं. आदल्या दिवशी बकरी तळ्यात धुऊन काढतात. दुसऱ्या दिवशी पहाट फुटली की भावकी जमते, एका घरचा एक हात. मजुरी नसते. आज ह्याच्या दारात, चार दिवसांनी त्याच्या. प्रत्येकानं आपली कातर घेऊन यायचं, आणि कातर हातात असलेला माणूस शेवटची बकरी सुटेपर्यंत ताटावर बसत नाही. आधी पाहुण्यांची पंगत, मग बायापोरांची, मग हातांची. मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर किती बरं झालं असतं! मला सगळं माहीत होतं. लग्नाबारशात हीच गोष्ट मी रंगवून सांगतो. माझे वडील, तात्या, माधवनगरच्या गिरणीत मागावर होते, तरी दर दिवाळीला रजा टाकून कातरणीला जायचे. परत यायचे तेव्हा त्यांचे हात, एरवी खरखरीत, लोकरीच्या तेलानं लोण्यासारखे मऊ झालेले असायचे. त्या हातांनी ते माझं तोंड धरायचे आणि मी वासानं नाक मुरडायचो. मी येतो म्हणालो की म्हणायचे, "तू नगं. तू शीक." तात्या गेल्यावर आमच्या घरचा हात बंद झाला. चौदा वर्षं आण्णानं विचारलं नव्हतं. गेल्या वर्षी पहिल्यांदा विचारलं.

आणि मी गेलो. गळ्यात कॅमेरा, खिशात चार बॅटऱ्या, आणि माईकवर वाऱ्याची घरघर अडवणारं ते केसाळ टोपडं. शेवंतावहिनीनं, आण्णाच्या बायकोनं, ते बोटांनी चाचपून बघितलं.

"भावजी, ही कसली वं लोकर?"

"प्लॅस्टिकची आहे वहिनी. विकत मिळते."

"इकत?" म्हणाली, आणि बांधाकडं बघितलं. तिथं मागच्या कातरणीच्या लोकरीची पोती तशीच पडली होती. हल्ली कुणी फुकटसुद्धा नेत नाही. मी त्या पोत्यांचा पण शॉट घेतला. फार चांगला आला.

दारात ओळीनं माणसं बसली होती, पुढ्यात पाय बांधलेली बकरी. कातरींची कचकच एका लयीत चाललेली. बकरीच्या अंगावरून काळी लोकर सायीसारखी सुटत होती आणि आतून गुलाबी-करडं, थरथरणारं अंग बाहेर येत होतं. आण्णानं मला बघितलं. माझ्या हातांकडं बघितलं. गळ्याकडं बघितलं. उजवीकडं त्यानं एक पोतं अंथरून ठेवलं होतं, त्याच्या शेजारी, रिकामं. मला ते दिसलं. शपथेवर सांगतो, दिसलं. मी त्या पोत्यावर गुडघा टेकला, कारण तिथनं आण्णाच्या हातांवर उजेड छान पडत होता.

"आण्णा, जरा हळू कर की. परत एकदा, मानेपासनं."

त्यानं हळू केलं. परत मानेपासनं केलं. दिवसभर मी त्याला, शेजारच्या म्हाताऱ्या धोंडीबामामाला, सगळ्यांना थांबवत होतो. "इकडं बघू नका." "मामा, पागोटं जरा मागं." "ती बकरी पुन्हा उचलून आणा ना." धोंडीबामामा तेवढा एकदा पुटपुटला, "आरं, एका बकरीला दोनदा कातराय ह्यो काय शिमगा हाय व्हय?" मी हसलो. मामा हसला नाही. तेही माझ्याकडं चित्रित आहे.

दुपारी आण्णा उठून आला. हात पुसत म्हणाला, "तुमी बसा पयल्या पंगतीला."

जन्मभर मला 'सद्या' आणि 'आरं' म्हणणारा माणूस. तुमी बसा. मला वाटलं, कॅमेऱ्यानं आपली काय इज्जत वाढली बघा! जनावरांच्या डॉक्टरांशेजारी, शाळेच्या गुरुजींच्या रांगेत माझं पान मांडलं. रस्सा गरम होता, भाकरी मऊ होती, वहिनी वाढायला वाकून आग्रह करत होती. पलीकडं कातरी चालू होत्या. मी माझ्या ताटाचासुद्धा व्हिडिओ काढला.

संध्याकाळी उजेड सरला तरी बकरी उरली होती. मी आण्णाला विचारलं, "झालं ना सगळं?" तो म्हणाला, "झालंच म्हना की." सकाळी निघायचंच होतं. कऱ्हाडकडच्या शेतकऱ्यानं रान मोकळं ठेवलं होतं, उशीर झाला तर दुसऱ्याचा कळप बसला असता. हातांची पंगत कधी बसली ते मला माहीत नाही. मी ओसरीवर बॅटऱ्या चार्जिंगला लावून झोपलो होतो.

आठ दिवस चाललो. नाही, पाच. सहाव्या दिवशी तळपायाला फोड आले आणि मी तासगावातनं एस.टी. धरली. पण त्या पाच दिवसांत आण्णा माझ्यावर एकदाही ओरडला नाही. मी वाट अडवून उभा राहिलो तरी नाही, माझ्या धावण्यानं कळप बुजून एका द्राक्षबागेत शिरला तरी नाही. बागवाल्याच्या शिव्या त्यानं मान खाली घालून ऐकल्या आणि मला म्हणाला, "असू द्या, असू द्या. तुमचं झालं का काढून?" रात्री त्याच्या पोराला मात्र दावं नीट बांधलं नाही म्हणून असं झोडपलं शब्दांनी, की मला त्या पोराचा चक्क हेवा वाटला. का वाटला ते तेव्हा कळलं नाही.

कळलं ते दीडेक महिन्यानं, घरात, कॉम्प्युटरपुढं. वीस मिनिटांचा व्हिडिओ जोडला होता. चढावरनं कळप उतरतोय, सूर्य मागं, धूळ सोन्यासारखी. तीन महिने निवडलेला कॅमेरा, काळ्या बकरीची एक न् एक रेघ दिसत होती. आणि म्हणूनच दिसलं. पुढच्या सगळ्या बकऱ्या कातरलेल्या, हलक्या, टुणटुणीत. मागं एक घोळका लोकरीनं फुगलेला, जड, माना खाली घालून चाललेला. मी चित्र थांबवलं आणि मोजायला लागलो. एकतीस. एक हात दिवसभर बसला तर तेवढ्याच होतात. जास्त नाही, कमी नाही.

तरी मी तो व्हिडिओ टाकला! हे मी स्वतःला माफ करू शकत नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, सगळीकडं टाकला. लोकांनी वाहवा केली. सगळ्यात जास्त कौतुक कशाचं? त्या मागच्या एकतीसांचं. 'किती गोंडस', 'गुबगुबीत', 'काळे ढग'. अरे, ढग कसले? उन्हात शिजत चाललेली जनावरं होती ती! त्यांच्या अंगात गोखरू घुसले होते, उवा होत्या. मी एकालाही तसं लिहिलं नाही. अंगठे मोजत बसलो. मंगलनं मागं उभी राहून व्हिडिओ पूर्ण बघितला आणि एवढंच विचारलं, "अहो, यात तुम्ही कुठं आहात?"

कॅमेरा वाईट नव्हता, हे सांगायला हवं. माणसाला कॅमेऱ्यावर राग काढायला फार सोपं जातं. मी आठवडाभर काढलासुद्धा. मग बर्फातल्या त्या माणसावर काढला, मग तात्यांवर, 'तू शीक' म्हणाले म्हणून. मेलेल्या बापावर चिडलेला माणूस घरात कसा वावरतो ते मंगलला विचारा. 'तू शीक' म्हणताना त्यांनी 'कातर धरू नकोस' असं कुठं म्हटलं होतं? ते तर गिरणीतली पाळी सोडून जायचे. मलाच परकं व्हायचं होतं, पण मानानं, भारी लेन्स लावून. गोष्टीतला माणूस असल्यासारखं सांगायचं आणि काम निघालं की सांगणारा व्हायचं. ही माझी जुनी लबाडी. चुलत्याच्या दहाव्यालाही मी खांद्याला खांदा लावायच्या ऐवजी आठवणी सांगत बसलो होतो, तेव्हा सगळ्यांनी डोळे पुसले होते.

यंदा दसरा झाला. फोन येईल म्हणून वाट बघितली. फोन वहिनीचा आला.

"भावजी, यंदा बी या. पाडव्यानंतरच हाय. ह्यांनी सांगिटलंय, पावन्यांस्नी बोलीव. ते काढायचं मशीन आना संगं, पोरं लय इचारत्यात."

पावन्यांस्नी. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. मग दोन दिवस घरात सगळ्यांवर चिडचिड केली. माधवनगरच्या रस्त्यावर तो कळप दिसला तो त्यातलाच एक दिवस. घरी आलो, चप्पल न काढताच आण्णाला फोन लावला.

"आण्णा, मी कातरायला येतोय."

पलीकडं बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंट्या वाजत होत्या.

"तुमाला कुटं येतंय ते," तो सावकाश म्हणाला. "पावनं म्हनून या की."

"पाहुणा म्हणून येणार नाही. आमच्या घरचा हात म्हणून येणार. येत नाही, तर शिकव."

"पन्नाशीत?"

"मागच्या वर्षी तू मला धरून दहा म्हणाला होतास. मी आलो आणि नऊच राहिले. एकतीस बकरी तशीच गेली. मी मोजलीत."

आणि मग आण्णा फुटला. एवढा मोठ्यानं, की स्वयंपाकघरातनं मंगल बाहेर आली.

"मोजलीस? आत्ता मोजलीस व्हय रं भाड्या? कऱ्हाडच्या रानात अवकाळी लागला चार दिस, तवा कुटं हुतास? भिजली ती लोकर, वाळंना. आळ्या पडल्या! तीन बकरी गेली माझी, तीन! एक गाभन हुती. वैनी तुझी आळ्या येचत बसली चिमट्यानं, आन् तू तिकडं फिलिमा दावत बसलास! तात्याचं पोर म्हनून जागा धरली हुती तुझी, पोतं आथरलं हुतं, त्येच्यावर गुडगा टेकून मला म्हनतुस हळू कर? आरं तुझ्या…"

पुढचं लिहिण्यासारखं नाही. त्यात माझे तात्या आले, माझं शिक्षण आलं, कॉलेज आलं. कान भाजत होता, तरी फोन लांब धरला नाही. मंगल खुणेनं विचारत होती, काय झालं? मी मान हलवली. तिला वाटलं, मी रडतोय. तसंही असेल.

दम लागला तेव्हा तो थांबला. खोकला. परत घंट्या ऐकू आल्या.

"पाचाला ये," म्हणाला. "सातला आलास तर तसाच माघारी जा."

"येतो. कातर कुठली घेऊ? सांगलीत मिळते का बघतो, की तिकडंच—"

"काय बी बगू नगंस!" आण्णा पुन्हा ओरडला. "माझ्याकडची जुनी दीन मी. तू निवडाय बसलास तर पुढल्या दिवाळीला उगवशील."